चेक इंजिन लाईट सारखी परत येते? कोड पुसण्याआधी वाचा

अक्कलकोटहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे ऑफिसात गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलताना येणारे माझे "बघा", "म्हणजे" थोडे कापलेत. बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय आहे जुन्या गाडीच्या मीटरमध्ये लागणारी ती पिवळी लाईट. छोट्या इंजिनाचं चित्र असतं बघा. गॅरेजला नेली की जाते आणि आठवड्याभरात परत हजर होते. गेल्या दोन महिन्यांत यावर सगळ्यात जास्त मेसेज आलेत. एकाने तर लिहिलंय, "दादा, मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली." तसं करू नका राव.

आमच्याच घरातली गाडी उदाहरणाला घेतो, कारण तिचे आकडे माझ्याकडे लिहून ठेवलेले आहेत. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच १३ पासिंग, एक लाख बारा हजार किलोमीटर पळालेली. आईच्या गुडघ्याच्या फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा सोलापूर, एका बाजूने जवळपास चाळीस किलोमीटर. लाईट लागली दिवाळीनंतर. गॅरेजमध्ये कोड पुसला, चार दिवसांनी परत. असं चार वेळा झालं. मग पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, बिल साडेचार हजार, आणि पाचव्या दिवशी लाईट परत. दुसऱ्या एका ठिकाणी मेस्त्रींनी सांगितलं, "कन्व्हर्टर गेलाय साहेब, अडतीस हजार लागतील." त्याच आठवड्यात गाडी बघायला एक गिऱ्हाईक आलं होतं. मीटरमधली लाईट बघून त्यानं किंमत सरळ चाळीस हजारांनी पाडली. अप्पा म्हणाले, "देऊन टाकू या, किती दिवस हेच करायलाय तू?"

म्हणजे प्रश्न नुसत्या लाईटचा नव्हता. अडतीस हजार घालायचे, चाळीस हजारांनी कमी भावात विकायची, की आणखी काही आहे, हे ठरवायचं होतं.

आधी ही लाईट म्हणजे काय ते बघू. बऱ्याच जणांना वाटतं ती सर्व्हिसिंगची आठवण आहे. तसं नाही. ही लाईट मुळात प्रदूषणाच्या कायद्यातून आली. धुरात घाण वाढेल असा बिघाड झाला तर गाडीनं स्वतःच सांगावं, असा नियम आधी अमेरिकेत कॅलिफोर्नियाने केला, मग १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांना एकच पद्धत लागू झाली. ओबीडी दोन म्हणतात ती हीच. आपल्याकडे ती बीएस चारसोबत आली, आणि इथे आपल्या जिल्ह्याची एक गंमत आहे. २०१० मध्ये बीएस चार आधी फक्त तेरा शहरांत लागू झालं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा यादीत आपलं सोलापूरही होतं! बाकी देशात तेव्हा बीएस तीन चालू होतं, आणि सगळीकडे बीएस चार यायला २०१७ उजाडलं. ओबीडी दोन आपल्याकडे बीएस चार गाड्यांना २०१३ पासून सक्तीचं झालं. त्यामुळे २०१३ नंतरची बीएस चार कार असेल तर तिच्यात हे सगळं आहे असं धरून चाला. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचं सॉकेट दिसलं तरी साधा स्कॅनर बोलेलच असं नाही. काही गाड्यांना कंपनीचाच स्कॅनर लागतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. लाईट स्थिर असेल तर गाडी घरी नेता येते, दोन-चार दिवसांत बघता येते. पण लाईट लुकलुकत असेल, गाडी मिसिंग मारत असेल, तर पाय काढा आणि बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि कन्व्हर्टरमध्ये पेटतं. तिथली जाळी काही किलोमीटरमध्ये वितळू शकते. आणि लाल रंगाची ऑईलची किंवा तापमानाची लाईट लागली असेल तर हा एपिसोड बंद करा आणि इंजिन बंद करा. तो वेगळा विषय आहे.

आता "पुसली तरी परत का येते" याचं उत्तर. बहुतेक बिघाडांसाठी गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पहिल्या वेळी लाईट लावतच नाही. पहिल्या फेरीत दोष दिसला की तो नोंद करून ठेवतो, त्याला पेंडिंग कोड म्हणतात. पुढच्या फेरीत तोच दोष परत दिसला की मगच लाईट. म्हणून कोड पुसल्यावर दोन-चार दिवस शांत जातात आणि आपल्याला वाटतं काम झालं. काम काही झालेलं नसतं, ईसीयूची वही फक्त कोरी केलेली असते. बॅटरीची वायर काढून लावली तरी तेच होतं. उलट त्या वहीत निदानाला लागणारी सगळ्यात महत्त्वाची माहिती असते, ती पण जाते. दोष खरंच गेला असेल तर लागोपाठ तीन फेऱ्या स्वच्छ गेल्यावर लाईट आपोआप विझते. कुणाला पुसायची गरजच नसते.

वाचायचं कशानं? ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर मिळतो, ईएलएम ३२७ नावाने, ऑनलाईन पाचशे ते पंधराशेत. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सॉकेट असतं, त्यात बसवायचा. किल्ली ऑन करायची, फोनला जोडायचा. पिन बहुतेक वेळा १२३४ किंवा ००००. अँड्रॉइडवर टॉर्क नावाचं अ‍ॅप आहे, कार स्कॅनर आहे. आयफोनवाल्यांनी घेताना बघून घ्या, साधा जुना ब्लूटूथवाला तिथे चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ चारवाला लागतो. आणि काम झालं की काढून ठेवा. त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनला बॅटरीचा करंट कायम चालू असतो, त्यामुळे महिनाभर उभ्या गाडीत अडॅप्टर तसाच राहिला तर सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

कोड वाचायची रीत सोपी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरकडचा मामला. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसरा आकडा खातं सांगतो. एक किंवा दोन म्हणजे हवा-पेट्रोल, तीन म्हणजे मिसिंग, चार म्हणजे धूर साफ करणारी यंत्रणा. आमच्या गाडीत दोन निघाले. पी०१७१ पक्का, आणि पी०४२० पेंडिंग. पहिल्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. दुसऱ्याचा अर्थ कन्व्हर्टर नीट काम करत नाही.

आणि इथेच खरी गोची होते. कोड म्हणजे कुठला पार्ट बदलायचा याची चिठ्ठी नव्हे. "हवा जास्त दिसतेय" असं ईसीयू सांगतोय, ते ऑक्सिजन सेन्सरच्या तोंडून. सेन्सर बातमी देणारा आहे. गावात चोरी झाल्याची बातमी आणणाऱ्याला धरून ठेवलं तर चोर सापडेल का? तसंच पी०४२० दिसला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलायचा नाही. दोन कोड असतील तर आधी हवा-पेट्रोलवाला किंवा मिसिंगवाला सोडवायचा, कारण मिश्रण बिघडलं की कन्व्हर्टरचं मोजमापही बिघडतं.

कोडच्या सोबत अ‍ॅपमध्ये फ्रीझ फ्रेम नावाचं एक पान असतं. दोष पकडला त्या क्षणाचा फोटोच म्हणा. हे पान कोड पुसलं की जातं, म्हणून स्क्रीनशॉट आधी. आमच्या पानावर होतं: वेग शून्य, इंजिन ७६०, पाणी ८४ अंश. म्हणजे गाडी गरम झालेली आणि जागेवर उभी. सिग्नलला नाहीतर मंदिराच्या गर्दीत. पळताना नाही. अर्धं निदान इथंच होतं.

उरलेलं अर्धं निदान फ्युएल ट्रिममध्ये. नाव ऐकून घाबरू नका. स्वयंपाक करताना आई चव घेते आणि चिमूटभर मीठ वाढवते, तसं ईसीयू सेन्सरची चव घेऊन पेट्रोल कमी-जास्त करतो. लगेचच्या फेरबदलाला शॉर्ट टर्म म्हणतात, सवय लागून पक्क्या झालेल्या फेरबदलाला लाँग टर्म. दोन्हींची बेरीज करायची. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. पंचविसाच्या आसपास गेली की ईसीयू हात टेकतो आणि पी०१७१ लावतो.

आमचे आकडे असे. जागेवर उभी असताना लाँग अधिक २१, शॉर्ट अधिक ६, बेरीज २७. रेस करून २५०० वर धरली तर अधिक ७ आणि अधिक १, बेरीज फक्त ८. हा फरक बघा. हेच उलटं असतं, म्हणजे जागेवर ठीक आणि चढावर, जोरात पळवताना आकडा वाढतोय, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर बघितला असता, कारण जास्त मागणी आली की पंप कमी पडतो. दोन्हीकडे सारखाच वाढलेला असता तर इंजेक्टर. पण फक्त जागेवर वाढतोय म्हणजे कुठूनतरी थोडी हवा आत येतेय. इंजिन हळू चालताना ती थोडी हवा खूप वाटते, जोरात चालताना लाटेत बुडून जाते.

तुम्ही यूट्यूबवर बघितलंत तर सगळे म्हणतात, इनटेकची रबरी नळी फाटली असेल, बघा. बरोबर आहे, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, रबर वाळून तडकतं. ती तपासायचीच. पण इथे एक मेख आहे. अमेरिकन व्हिडिओतल्या बऱ्याच गाड्या आत येणारी हवा वाटेतच मोजतात. मोजणीनंतर फट पडली की ती हवा न मोजता आत जाते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या हवा मोजत नाहीत, इनटेकमधला दाब मोजतात. त्यात फटीतून हवा आली तर दाबही वाढतो, ईसीयू पेट्रोलही वाढवतो, आणि मग लाईटपेक्षा जागेवरची रेस वाढलेली दिसते. आमची गाडी दाबवाली, आणि रेस ७६० ला गप्प बसलेली. म्हणून इनटेकवरचा माझा संशय उतरला.

असंच पेट्रोलच्या झाकणाचं. "झाकण घट्ट लावा, लाईट जाईल" हा सल्ला अमेरिकेतला. तिथे टाकीतून वाफ गळते का हे गाडीनं तपासणं सक्तीचं आहे. आपले नियम युरोपच्या वळणावर गेलेत, त्यात ती गळती तपासायची अट नाही. झाकण घट्ट लावा, चांगलंच आहे, पण त्यावर आठवडा घालवू नका.

मग मेस्त्री काकांकडून प्लग काढून घेतले. आमच्या गल्लीतले काका, चाळीस वर्षं हेच काम, फोनमधल्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. चारही प्लग काळेकुट्ट, कोरड्या काजळीचे. काका म्हणाले, "हे तर पेट्रोल जास्त प्यायलंय की. तुझा फोन कमी म्हणायलाय." आणि याच वाक्यात उत्तर होतं. पेट्रोल खरंच कमी पडत असतं तर प्लग पांढुरके पडले असते. इथे ईसीयू म्हणतोय कमी, प्लग म्हणतोय जास्त. म्हणजे इंजिनात मिश्रण मुळात बरोबर होतं, पण सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसत होता, म्हणून ईसीयू उगाच पेट्रोल ओतत होता. अ‍ॅव्हरेज सोळावरून तेरावर का आलं, तेही कळलं.

सेन्सरला खोटं दिसायचं कारण दोनच. एक, सेन्सर खराब, तो तर नवा बसवलेला. दुसरं, सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला फट. आता तुम्ही म्हणाल, फटीतून धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल? धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्यानं येतो. प्रत्येक ठोक्याच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, तेव्हा ती फट हवा ओढून घेते. जागेवर असताना हे जास्त होतं. जोरात पळताना धुराचा जोर इतका असतो की ओढायला फुरसत मिळत नाही. आमच्या आकड्यांशी हे अगदी तंतोतंत जुळतं.

शोधायचं कसं? एक म्हणजे कान. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर बॉनेट उघडून ऐका, बारीक टक-टक येते आणि गाडी गरम झाली की कमी होते, कारण लोखंड प्रसरण पावून फट मिटते. दुसरी युक्ती पंक्चरवाल्याची. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या टोकाला ब्लोअर लावायचा, वॉशिंग सेंटरवर असतो तो किंवा घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू, आणि वरच्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. टबात ट्यूब बुडवल्यासारखे बुडबुडे येतात. हवा भरायचा कंप्रेसर मात्र लावू नका, दाब जास्त होतो. आणि गरम मॅनिफोल्डवर कसला स्प्रे मारायचा नाही, पेट घेतो. व्हिडिओत मारतात, त्यांना मारू दे.

बुडबुडे आले डाव्या टोकाला. तिथला एक स्टड तुटलेला, नट कधीच पडून गेलेला, गॅसकेटची कड जळून काळी. काकांनी तुटलेला स्टड वेल्डिंगवाल्याकडून काढून घेतला, नवा बसवला, गॅसकेट बदललं. सामान आणि मजुरी धरून सतराशे पन्नास रुपये.

पण लाईट गेली म्हणजे दुरुस्त झाली, असं मी धरत नाही. पुसलेली वही आणि दुरुस्त झालेली गाडी सुरुवातीला सारखीच दिसते. अ‍ॅपमध्ये रेडीनेस मॉनिटर म्हणून एक यादी असते. पुसल्यावर तिथे बऱ्याच ओळींपुढे "अपूर्ण" येतं. ईसीयूने प्रत्येक चाचणी परत घेतली की "पूर्ण" होतं. त्यासाठी थंड गाडी चालू करून थोडी जागेवर, थोडी गावात आणि पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगात हायवेला पळवावी लागते. अक्कलकोट-वळसंग-सोलापूर रस्ता याला झकास आहे. तिसऱ्या फेरीला कन्व्हर्टरची ओळ पूर्ण झाली, पेंडिंगला काही नाही. पी०४२० परत आलाच नाही, म्हणजे अडतीस हजारांचा कन्व्हर्टर ठीक होता. ट्रिम जागेवर अधिक ८, पळताना अधिक ७. याला आता पाच महिने झाले.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही ही यादी बघावी. मीटरमध्ये लाईट नाही पण सगळ्या ओळी अपूर्ण, तर मालकानं आदल्या दिवशी कोड पुसलाय किंवा बॅटरी काढलीय. कारण विचारा.

आता तुम्ही विचाराल, दुरुस्तीनंतरही अधिक ७-८ का, शून्य का नाही? याचं उत्तर आपल्या उसात आहे. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. देशानं हा टप्पा २०२५ मध्ये गाठला, आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती ते मी सांगायला नको. इथेनॉलच्या पोटातच ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल सात-आठ टक्के जास्त द्यावं लागतं, आणि ते ट्रिममध्ये दिसतं. हा बिघाड नाही. पण जुन्या गाडीची पंचविसापर्यंतची जी मोकळी जागा होती, त्यातली काही आधीच वापरली गेलीय. त्यामुळे जी बारीक फट पूर्वी खपून गेली असती, ती आता लाईट लावते. सगळा दोष इथेनॉलवर ढकलणारे पण असतात, त्यांना विचारा, जागेवरचा आणि पळतानाचा आकडा किती? दोन्हीकडे सात-आठ असेल तर इथेनॉल. एकीकडे सत्तावीस असेल तर फट शोधा.

दोन प्रश्न घेतो आणि थांबतो. बाइकवाल्यांचा: बीएस सहा बाइकनाही ही लाईट असते, पण बहुतेकांना सोळा पिनांऐवजी सहा पिनांचं सॉकेट असतं, जोडवायर वेगळी घ्यावी लागते.

आणि मैंदर्गीहून एकानं विचारलंय, "बाहेरून सीएनजी किट बसवल्यापासून लाईट येतेय, किटवाला म्हणतो गाडीचा दोष, मेस्त्री म्हणतो किटचा." भावा, यावर भांडण नको, चार दिवस फक्त पेट्रोलवर चालव. कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट आधी काढ, मग ट्रिम लिहून घे, जागेवर आणि २५०० ला. पेट्रोलवर आकडे हळूहळू दहाच्या आत आले आणि गॅसवर टाकल्यावर परत भरकटले, तर किटचं ट्यूनिंग, गॅसचा फिल्टर आणि रिड्यूसर बघायला लाव. ते काम किटवाल्याचं. पेट्रोलवरही आकडे वरच राहिले, तर किटला सोड आणि वर सांगितलं त्या क्रमानं जा. कागदावरचे आकडे घेऊनच दोघांकडे जा.